नाकमुरड्याचा काटा

आमच्या गल्लीत त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तोंडावर काका आणि पाठीमागे नाकमुरडे. लांब नाक, टोकाशी जरासं वळलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन आठ्या, ओल्या मातीत चाक फिरून गेल्यावर उमटावी तशा, कायमच्या. गुलाब हुंगायला दिला तरी हा आधी पाकळीतला किडा शोधील, असं लोक म्हणत. खोटं म्हणत नसत.

धंदाच तसा होता. संगणकाच्या पेटीत चित्र काढणारं एक वेगळं कार्ड असतं, वीटभर लांबीचं, पाठीवर पंखे असलेलं. ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. ही कार्डं बिघडली की लोक त्याच्याकडे आणत. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, वर वाकवलेला दिवा, एक ब्रश, एक चिमटा, पेचकसांचा डबा. तिथे बसून त्यानं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या घरातली घाण उघडण्यात घालवलं. कार्डाचा पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर घरात जे जे असेल ते ते ओढतो. स्वयंपाकघराशेजारी ठेवलेल्या कार्डावर तेलकट, पिवळा, डिंकासारखा थर. सिगारेट ओढणाऱ्याच्या कार्डावर तपकिरी चिकटा, बोट लावलं तर बोट काळं. केस तर प्रत्येकात. बायकांचे, मांजराचे, कुणाचे काय माहीत. एकदा एका पंख्याखाली झुरळाचं सगळं कुटुंब निघालं, अंड्यांसकट. त्यानं ते चिमट्यानं एकेक उचलून कागदावर ओळीनं मांडलं आणि मालक आल्यावर कागद पुढे सरकवला.

"हे तुमचं. घरी न्या."

"काका, टाकून द्या ना ते."

"पाळलेलं असं कसं टाकू?"

असा माणूस. घर दोन वेळा झाडणारे लोक पेटी का झाडत नाहीत, याचा त्याला राग नव्हता. राग निवतो. त्याला किळस होती, आणि किळस कधी निवत नाही, ती साठत जाते.

पण धुळीपेक्षा जास्त किळस त्याला समोरच्या दुकानदाराची यायची. त्याला तो रंगारी म्हणे. कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये आभासी नाणी मिळवण्यासाठी शेकड्यांनी मांडून, क्षणाची उसंत न देता राबवून, पार पिळून टाकलेली कार्डं हा रंगारी पोत्यानं आणी. मागच्या मोरीत टबात बुचकळून धुई. वाळली की काळ्या रंगाचा फवारा मारी, पंख्यांवर चकचकीत चकत्या चिकटवी, आणि काचेच्या कपाटात मांडून म्हणे, "फारसं वापरलेलंच नाही. एका डॉक्टरांच्या घरचं आहे." डॉक्टरांची इतकी कार्डं होती की गावात रोगी उरायला नको होता. फवाऱ्याचा तो गोडसर, घशात बसणारा वास रस्ता ओलांडून जिन्याखाली येई आणि नाकमुरडे उठून दार लावून घेई.

"म्हाताऱ्याला न्हाऊ घालून बोहल्यावर उभं करतोय हरामखोर," तो म्हणे.

आणि या सगळ्या चिखलात त्याच्याकडे एकच स्वच्छ गोष्ट होती. त्याचा काटा.

काटा म्हणजे एक जुना संगणक. पेटी काढून टाकलेला, लाकडी फळीवर उघडा आडवा ठेवलेला. त्याच्यावर धुळीचा कण बसू देत नसे तो. कुणी कार्ड आणलं की तो ते काट्याला जोडी आणि पडद्यावर एक हरीण सोडी. हरीण रानातून पळत सुटे, पानं हलत, पाणी चमके, आणि कोपऱ्यात आकडा उमटे, सेकंदाला किती चित्रं निघाली त्याचा. चित्रं जास्त, तर हरीण गुळगुळीत पळे. कमी, तर अडखळे. तो आकडा पांढऱ्या पट्टीवर लिहून कार्डाला चिकटवायचा. त्याला तो वजन म्हणे. "सगळ्यांना एकच काटा," हे त्याचं ब्रीद. वर्षानुवर्षं त्या काट्याचा एक स्क्रूदेखील त्यानं बदलला नव्हता. काटा बदलला की वजन बदलतं, मग काल आलेल्या माणसाला काय सांगायचं?

आणि काटा काय सांगायचा? की नव्यात दम नाही. लोक हौसेनं नवं कोरं कार्ड आणत, डब्यावर केवढे रंगीत उभे खांब छापलेले, जुन्याचा खांब बुटका, नव्याचा आभाळाला टेकलेला. काट्यावर चढवलं की नवं कार्ड जुन्याच्या जेमतेम एक बोट पुढे. कधी तेवढंही नाही. नाकमुरडे तो डबा दोन बोटांत धरून परत देई. "खांब छान काढलेत," म्हणे.

त्याचं स्वतःचं एक कार्ड होतं, एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलेलं. जाडजूड, तांब्याच्या नळ्यांचं, उचलताना मनगट वाकावं असं. त्याला तो थोरलं म्हणे. काट्यावर थोरलं लावलं की पंखे गरजत, तांबं तापे, आणि तो त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "हे राबतंय. घाम दिसतो याचा. नव्यांना घामच येत नाही."

हे मात्र खरं होतं. त्याच्या काट्यावर नवं कार्ड कधी तापत नसे. त्याचे पंखेसुद्धा फिरत नसत. थंडगार पडून राही, पाटलाच्या जावयासारखं.

घरात वरच्या मजल्यावर तो, त्याची सून आणि चार वर्षांची नात. मुलगा परगावी कारखान्यात, गाडीनं अख्खा दिवस लागावा इतका लांब. सून अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढायची, म्हणजे संगणकावर. ज्या घराची वीटही रचली नाही त्याच्या खिडकीतून ऊन कसं येईल ते ती दाखवायची. इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसनं तिला मोठं काम देऊन पाहायचं ठरवलं होतं. एक दवाखाना उभा राहायचा होता, त्याची फिल्म करायची. दारातून आत शिरायचं, पायऱ्या चढायच्या, लांब ओसरीतून जाऊन लहान मुलांच्या खोलीत पोचायचं. फिल्म आवडली तर काम कायमचं, घरून करायचं. तिच्या पेटीतलं कार्ड मोडकं होतं, म्हणून ऑफिसनं एक नवं कोरं कार्डही तात्पुरतं दिलं.

जेवताना तिनं सासऱ्याला सरळ सांगितलं होतं. "बाबा, हे काम लागलं तर मी इथेच राहते. मग हेही इकडे बदली मागतील. नाही लागलं तर आम्ही दोघी तिकडे जाऊ. घर असं दोन गावांत किती दिवस ताणायचं?"

म्हातारा नातीच्या ताटातला घास मोडत राहिला. पण त्या दिवसापासून तो जिना चढताना वरचा आवाज कान देऊन ऐकू लागला, जणू आवाजच कुणी उचलून नेणार होतं.

कार्ड घरात आलं तेव्हा त्यानं हात पुढे केला. "आधी काट्यावर."

"बाबा, कशाला? कोरं आहे, डबासुद्धा आत्ता फोडला."

"डबे रंगारीही छापून घेतो."

हरीण सुटलं. आकडा उमटला. थोरल्याइतकाच, वर दोन चित्रं. पंखे स्थिर. त्यानं कार्डाला बोट लावलं आणि बोट पँटीला पुसलं.

"मेलेलं आहे. तुझ्या साहेबाला कुणीतरी टोपी घातली."

सून हसली. "बाबा, थंड आहे म्हणजे त्याला काम मिळत नाही. कार्ड चित्र काढतं, पण काय काढायचं ते त्याला आतला प्रोसेसर सांगतो ना? तुमच्या काट्याचा प्रोसेसर म्हातारा. तो एक चित्र सांगेपर्यंत हे बिचारं वाट बघत बसतं. दमदार बैल थकलेल्या बैलाबरोबर जुंपला तर दोघं कुणाच्या चालीनं चालणार?"

"माझा काटा थकलेला?"

"मी काट्याला नाही म्हटलं—"

"लेकी बोले सुने लागे, हे ठाऊक होतं. सून बोले काट्याला लागे, हे नवीन."

"माझ्या पेटीत लावून बघा तरी एकदा."

"तुझ्या पेटीतलं वजन तुझ्या पेटीचं. उद्या तो रंगारीही म्हणेल, माझ्या काट्यावर बघा."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं कार्ड नेऊन आपल्या पेटीत बसवलं आणि कामाला लागली.

फिल्म द्यायच्या आदला दिवस उजाडला. संगणकाला एकेक चित्र वेगळं घडवावं लागतं, अशी हजारो, मग ती एकापाठोपाठ एक धावली की फिल्म. सकाळी तिनं पेटी कामाला लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे चित्रं पुरी होणार, आणि लगेच सकाळी ऑफिसात पैसे लावणाऱ्या मंडळींपुढे फिल्म दाखवायची होती. तिला फिल्मवरचा आवाज जुळवायला ऑफिसात जायचं होतं. नात घरीच.

चपला घालता घालता ती म्हणाली, "बाबा, पेटीला हात लावू नका. पंखे ओरडतील, ओरडू द्या. गरम हवा येईल, येऊ द्या. काळजी करू नका."

"मी कशाला हात लावू?"

आवाजाचं तिनं सांगितलं, उष्णतेचं सांगितलं. वासाचं सांगायचं राहिलं. तिच्या लेखी तो वासच नव्हता.

दुपारी नात पेटीजवळच्या पलंगावर झोपली. म्हातारा उंबऱ्याशी बसून एका कार्डाचा पंखा पुसत होता. आणि त्याच्या नाकाला काहीतरी लागलं. आधी बारीक, सुतासारखं. गोडसर, तिखट, रंगाचा म्हणावा तर रंगाचा, रबराचा म्हणावा तर रबराचा. तो उठला. पेटीच्या मागे हात धरला. हवा अशी की भट्टीचं तोंड. जे कार्ड त्याच्या काट्यावर प्रेतासारखं थंड होतं, ते इथे तापानं फणफणलं होतं. त्यानं नाक जवळ नेलं. त्याला रंगाऱ्याची मोरी आठवली.

उभ्या आयुष्यात त्यानं तापलेली जुनी कार्डं हुंगली होती, जळालेली हुंगली होती, उंदीर मेलेली हुंगली होती. नवं कार्ड पहिल्यांदा मनापासून तापलं की अंगचं कोरं वार्निश असा वास सोडतं, दोन दिवसांत तो जातोही. पण हा वास त्यानं कधी घेतलेलाच नव्हता. त्याच्या काट्यावर नवं कार्ड कधी तापलंच नव्हतं, तर वास कुठून येणार?

नात कुशीवर वळली. तिच्या कपाळावर घाम होता.

म्हाताऱ्यानं भिंतीतला प्लग उपटला.

पंखे फिरत फिरत थांबले. त्यानं पेटी उघडली, कार्ड ओढलं, बोटं भाजली, शिवी दिली, ते फडक्यात गुंडाळून गच्चीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं, आग लागायची तर तिथे लागो. मग खाली जाऊन थोरलं आणलं. पुसून, फुंकून पेटीत बसवलं. सुनेला करताना पाहिलं होतं तसं पेटीला पुन्हा कामाला लावलं. पेटीनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, जागा पुरत नाही. दवाखान्याच्या भिंती, खाटा, पडदे, बाहेरची झाडं, एवढं सगळं एका वेळी पोटात धरायला थोरल्याकडे पोटच नव्हतं. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. थोरल्याच्या तांब्याला साधी ऊबही आली नाही. जन्मात पहिल्यांदा ते थंड पडून होतं.

"नखरेल प्रोग्राम," म्हातारा म्हणाला.

नात उठून बसली. "आजोबा, आईचं चित्र कुठं गेलं?"

सून परत आली तेव्हा घरात पंख्यांचा आवाज नव्हता. तिनं दारातूनच विचारलं, "बाबा, काय केलंत?"

"जळत होतं ते. पोर शेजारी झोपलेली. माझं नाक—"

"कुठं आहे?"

त्यानं गच्चीकडे बोट केलं. ती गेली, फडकं सोडलं, कार्ड नाकाशी धरलं. परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हा नव्याचा वास आहे."

एवढंच म्हणाली. कार्ड परत बसवलं, पेटी लावली, पण गेलेला वेळ कुठून आणणार? सकाळपर्यंत जितकी चित्रं झाली होती तितकी घेऊन ती गेली. फिल्म दारातून शिरली, पायऱ्या चढली, ओसरीतून चालत गेली आणि मुलांच्या खोलीच्या दाराशी संपली. पडदा काळा. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. साहेब तिला बाहेर येऊन म्हणाला, "ताई, तुमचं काम चांगलं आहे, पण बंद दाराला कोण पैसे लावील?" काम दुसऱ्याला गेलं.

घरी म्हातारा वाट पाहत होता. तिचा चेहरा पाहून समजला, पण माणूस मानी. "तरी काट्यावर ते थोरल्याइतकंच—" असं म्हणाला.

तेव्हा तिनं पहिल्यांदा नाक मुरडलं. अगदी त्याच्यासारखं, दोन्ही बाजूंना आठ्या घालून.

"या इकडे," ती म्हणाली. "ऑफिसचं कार्ड परत करायच्या आधी एवढं बघून घ्या."

तिनं त्याचंच हरीण तिच्या पेटीत सोडलं. आधी थोरलं लावून. हरीण पळालं, चांगलं पळालं, कोपऱ्यावर थोडं अडखळलं. मग नवं लावून. आणि हरीण असं सुटलं की रान मागे पडलं. पाणी पाण्यासारखं वाहू लागलं, पान पानासारखं हललं. कोपऱ्यातला आकडा थोरल्याच्या तिप्पट. म्हातारा पडद्याकडे बघत नव्हता. कार्डाकडे बघत होता. पंखे फिरत होते आणि तो वास येत होता.

"नव्याला घाम येत नाही म्हणायचात ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "सगळ्या गावाची घाण तुम्हाला हुंगून कळते बाबा. नवं काय असतं तेवढं नाही कळलं. तुम्ही कधी त्याला धावूच दिलं नाहीत."

त्या आठवड्यात त्या दोघी गेल्या. गाडीत बसताना नात म्हणाली, "आजोबा, नाक करा ना." रोज हा त्यांचा खेळ होता, तो नाक मुरडी आणि ती त्याची नक्कल करी. त्यानं करून पाहिलं. जमलं नाही. सून म्हणाली, "बाबा, वेळेवर जेवा," आणि काच वर केली.

मग तो जिन्याखाली बसला. कार्डं येत होती, तो पुसत होता, काट्याला मात्र हात लावत नव्हता. काट्यावर पहिल्यांदाच धूळ बसली. ती त्याला दिसत होती. पुसावीशी वाटत नव्हती. एवढी वर्षं तो जे अंगण आरशासारखं सारवत आला, त्याच्या खालीच कुजकं काहीतरी पुरलेलं निघावं, तसं त्याला झालं होतं.

असाच एक दिवस रंगारी रस्ता ओलांडून आला. या दारात तो पूर्वी कधी आला नव्हता. अंगाला फवाऱ्याचा वास, नखांत काळा रंग.

"काय काका, ऐकलं मी. वाईट झालं. पोरंबाळं काय, उडून जायचीच. पण धंदा बंद ठेवू नका हो."

"तुला काय करायचंय?"

"मला नाही तर कुणाला? गिऱ्हाईक विचारतं, जुनं घेऊ का नवं? मी म्हणतो, माझं ऐकू नका, मी व्यापारी. समोर नाकमुरडे आहेत, नाकावर माशी बसू देत नाहीत, त्यांच्याकडून वजन करून आणा. तुमची पांढरी पट्टी लागली की माझं कार्ड खपलंच समजा. सगळ्यांना एकच काटा म्हणता ना, म्हणून आता मांडायच्या आधीच पोऱ्याच्या हातून सगळा माल तोलून आणवतो." तो मोकळेपणानं हसला. "चार दिवस झाले, पट्ट्या नाहीत. गिऱ्हाईक नव्याच्या दुकानाकडे वळतंय. आणि हे बघा, सूनबाईंनी तुमचा काटा खोटा काढला म्हणे. काढू दे. तुम्ही तो बदलू नका म्हणजे झालं. माझं अर्धं दुकान त्याच्यावर चालतं."

ज्याच्या वासानं नाकमुरडे दार लावून घेत आला, त्याचे रंगवलेले म्हातारे बोहल्यावर उभे राहत होते ते याच्याच पट्ट्यांच्या अक्षतांवर. रंगारी निदान आपलं खोटं खोटं आहे हे जाणून विकत होता. नाकमुरड्यानं त्यावर खऱ्याचं शिक्कामोर्तब करून दिलं होतं, फुकट, मान ताठ ठेवून.

तो उठला, रंगाऱ्याला बाजूला सारून रस्ता ओलांडला आणि त्याच्या दुकानात शिरला. काचेचं कपाट उघडलं. प्रत्येक काळ्या चकचकीत कार्डावर त्याच्या हातचा आकडा, त्याची पांढरी पट्टी. त्यानं पहिलं कार्ड उचललं आणि नखानं पट्टी खरवडायला लागला.

"अहो, अहो! काय करताय? माल आहे तो माझा!"

"माल तुझा. पट्टी माझी."

दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, कॉलेजातली मुलगी, हातात एक रंगवलेलं कार्ड. ती गोंधळून म्हणाली, "काका, याच्यावर पण तुमचीच पट्टी आहे. नव्याइतकंच चालतं ना हे?"

"नाही," नाकमुरडे म्हणाला. "ज्या काट्यावर तोललं तो खोटा होता."

"म्हणजे तेव्हा बिघडला होता?"

"बिघडला नव्हता. पहिल्यापासून तसाच. आण इकडे."

मुलीनं कार्ड पुढे केलं, पण देताना ते दोन बोटांत धरलं होतं, आणि तिचं नाक वर चढलं होतं. रंगारी ओरडत होता, रस्त्यावरची माणसं दाराशी जमली होती. तो कुणाकडे न बघता पट्ट्या खरवडत राहिला. काही सहज निघाल्या. जुन्या निघेनात, त्यांचा डिंक कार्डात मुरलेला होता, कागद फाटला तरी आकडा तसाच. तो त्यांवर थुंकला, अंगठ्यानं घासला, पुन्हा खरवडलं. नखांत रंग गेला, डिंक गेला, कागदाचा लगदा गेला.

कपाट संपल्यावर तो बाहेर आला. सवयीनं हात नाकाशी नेला. आजवर हाताला जो वास येई तो कुणाच्या तरी घरचा असे, धुवून जाई. हा दुसऱ्या कुणाच्या घरचा नव्हता. त्यानं नळाखाली हात धरला, साबण लावला, पुन्हा हुंगला, आणि पुन्हा नळ सोडला.